शोधला कोणी

कुमुदने वेगाची मूठ शेवटपर्यंत फिरवली. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावरचा तांबडा दिवा लागला, डबा आतल्या आत गुणगुणू लागला, पण इंजिन जागचे हलले नाही. तिने मूठ मागे आणून पुन्हा पुढे नेली. इंजिनाला बोटाने हलकासा धक्का दिला. ते दोन बोटे सरकले आणि पुन्हा मुकाट उभे राहिले.

दोन लोखंडी पेट्यांवर एक जुने दार आडवे टाकलेले होते. त्यावर पितळी रुळांचा लांबट गोल, हिरवे इंजिन, त्यामागे कोळशाचा डबा आणि प्रवाशांचे तीन डबे. अडीच महिने हे सगळे चादरीखाली झाकून होते. भिंतीशी तिने आणलेले खोके तयार होते. धुळ्याच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती आणि पुस्तकांच्या पार्सलचे ते खोके तिने शिपायाकडून मागून घेतले होते. तळाला वर्तमानपत्रांचे बोळे घालून झाले होते. भरण्याआधी गाडी एकदा चालताना पाहावी, एवढेच तिच्या मनात होते. तिचे वडील, नाना, असताना ती कधी या दाराच्या इतक्या जवळ उभी राहिली नव्हती.

बाहेर कडी वाजली. मूठ तशीच सोडून ती दाराकडे गेली.

"कोण?"

"मी पुना, ताई."

नाव तिला माहीत होते. नाना गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवातल्या शेवटच्या रांगेत एक माणूस हमसून हमसून रडत होता. भन्ते बोलत होते, तरी त्याला आवरत नव्हते. बायका वळून पाहत होत्या. शेजारच्या मंजुळाबाई तिच्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "पुना तो. पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो. दर रविवारी यायचा देवचंदभाऊंकडे." कुमुद त्या दिवशी रडू शकली नव्हती. तिने त्या माणसाच्या हलणाऱ्या पाठीकडे पाहिले होते आणि तिला राग आला होता. कशाचा, ते तेव्हा कळले नव्हते.

तिने दार उघडले. पुना चाळिशी ओलांडलेला, आखूड बांध्याचा माणूस होता. सदऱ्याच्या खिशात टेस्टर, बोटांच्या पेरांवर वार्निशचे पिवळे डाग. मागे मेहरूण भागातल्या रस्त्यावर त्याची सायकल उभी होती.

"खिडकी उघडी दिसली," तो म्हणाला. "आज रविवारय. नऊ वाजले."

नऊ वाजल्याचे त्याने असे सांगितले, की जणू त्यानंतर आणखी काही सांगायची गरजच नाही.

ती बाजूला झाली. त्याने चपला उंबऱ्याच्या उजव्या हाताला, भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या. नाना तशाच ठेवत. आत येताना त्याने खोलीचे बटण दाबले, दिवा लागला नाही, तेव्हा न बघता बटणाच्या बाजूला भिंतीवर तळहाताने एक थाप मारली. दिवा लागला. कालची रात्र कुमुदने मेणबत्तीवर काढली होती.

"नानांचं हे एक काम राहून गेलं," पुना म्हणाला. "म्हणायचे, सगळी गाडी दुरुस्त करतो आणि घरातलं एक बटण बदलत नाही."

नाना. कामावर ते बिऱ्हाडे मेन्टेनर होते; रेल्वेच्या सिग्नलच्या वायरी सांभाळण्यात त्यांची तीस वर्षे गेली. गल्लीत ते देवचंदभाऊ. नाना हा शब्द घरातला होता, तिचा होता. आई होती तोवर तीही त्यांना 'कुमुदचे नाना' म्हणायची.

"चहा घेता?" तिने विचारले.

"नाना म्हणायचे, आधी काम, मग चहा." त्याची नजर दारावरच्या गाडीवर गेली होती. मग भिंतीशी ठेवलेल्या खोक्यावर गेली आणि तिथे थांबली.

"धुळ्याला नेते आहे मी," कुमुद म्हणाली. आपला आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला, हे तिला जाणवले. धुळ्याच्या दोन खोल्यांत हे दार मावणार नव्हते. गाडी खोक्यातच राहणार होती. तरी ती नेणार होती. दर रविवारी कुणी परका माणूस त्या गाडीसमोर बसतो, हे तिला नको होते.

"तुमचीच आहे," पुना म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "फक्त आजचा दिवस द्या, ताई. तिच्यात नानांचा दोष शिल्लक आहे."

"म्हणजे?"

तो गाडीच्या दारासमोर उकिडवा बसला आणि सांगू लागला. रेल्वेत नवीन माणसाला शिकवताना मास्तर चांगल्या चालत्या वायरिंगमध्ये मुद्दाम एक दोष घालून ठेवतात. शिकणाऱ्याने तो हुडकून काढायचा. सहा वर्षांपूर्वी नाना दुकानात पंपाची मोटार भरायला आले, तेव्हा पुनाला बोलता बोलता म्हणाले, तार छान गुंडाळतोस, पण मोटार का जळाली ते विचारतोस का कधी? आणि रविवारी घरी ये म्हणाले. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी नाना गाडीत एक दोष घालत. रविवारी नऊला पुना येई. नाना पेपर घेऊन खिडकीशी बसत, आणि दोष सापडेपर्यंत पेपरातून मान वर काढत नसत.

"बावीस ऑगस्टला शनिवार होता," पुना म्हणाला. "दोष घातला असेल त्यांनी. मग रात्री झटका आला. रविवारी मी आलो तर घराला कुलूप, मंजुळाबाई म्हणाल्या दवाखान्यात नेलंय."

दवाखान्यातले अकरा दिवस कुमुद उशाशी होती. नानांचे तोंड वाकडे झाले होते, बोलता येत नव्हते. उजव्या हाताची बोटे मात्र चादरीवर काहीतरी पिळल्यासारखी हलत राहायची. तिने तो हात धरून ठेवला होता.

"वहीत तारीख टाकलेली असेल," पुना म्हणाला, आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेला. तांदळाच्या डब्यामागे हात घालून त्याने एक वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, मधोमध पिना मारलेली, शाळेच्या मुलाची असावी तशी. काल तिने तोच डबा समोरून पुसला होता.

तिने वही त्याच्या हातातून घेतली आणि मधूनच उघडली. नानांचे ताठ, सुटे सुटे लिहिलेले अक्षर. चार रकाने: तारीख, दोष, शोधला कोणी, वेळ.

*४ जानेवारी ८७. कार्बनची स्प्रिंग उलटी. पुना. सव्वा तास.*

*१९ एप्रिल ८७. वळणावरचा सांधा ढिला. पुना. चाळीस मिनिटे. घाई करतो.*

*१० मार्च ९१. मुठीच्या आतली तार. पुना. नऊ मिनिटे. आता हा मला पुरून उरेल.*

तिने पाने उलटली. पुना, पुना, पुना. एके ठिकाणी नुसते 'शाबास'. नानांची आंतरदेशीय पत्रे तिने धुळ्याला एका बुटाच्या खोक्यात जपून ठेवली होती. वर्षाला सहा-सात. प्रत्येकात चार ओळी. इकडे सर्व ठीक. तब्येत ठीक. पाऊस बरा झाला. पुस्तके वाचून डोळे बिघडवू नकोस. इतकी वर्षे तिला वाटत आले होते की नानांना लिहिण्याचा कंटाळा आहे.

शेवटच्या पानावर खालच्या बाजूला *२३ ऑगस्ट ९२* एवढेच होते. पुढचे तिन्ही रकाने मोकळे. त्याखाली एक ओळ कोरी.

"मी शोधते," कुमुद म्हणाली.

पुनाने मान वर केली. तो हसेल असे तिला वाटले होते. तो हसला नाही.

"शोधालच तुम्ही," तो म्हणाला. "तुम्हाला कितीसा वेळ लागणार!"

"टोमणा मारताय?"

"टोमणा कशाला?" त्याने खिशातला टेस्टर काढून पुन्हा आत ठेवला. "खरं सांगू, ताई? सहा वरीस माले तुमना राग ये."

"माझा राग?" तिने विचारले.

"एखादा दोष मला लवकर घावला नाही, की नाना पेपराआडून म्हणायचे, आमच्या कुमुदने नऊ वर्षांची असताना शोधला होता. दीड महिना मी डोकं फोडत होतो, तिने एका दुपारी शोधला. इकडे मी सव्वा तासाचा नऊ मिनिटांवर आलो. तरी तेच. आमची कुमुद." तो आता तिच्याकडे बघत नव्हता. "मी म्हणे, हाई कुमुद एकदा माले भेटू दे. मग आमच्या घरचीनं विचारलं, त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"मी या गाडीला हातही लावलेला नाही," कुमुद म्हणाली. मग तिने सावकाश सुधारले, "एकदा लावला होता."

"वहीत आहे ना. पहिलं पान बघा."

तिने वही मिटली आणि खिडकीत ठेवली. त्याने सांगितले म्हणून, त्याच्या देखत, ती नानांचे अक्षर वाचणार नव्हती.

एकदा लावला होता. ती नऊ वर्षांची होती. भुसावळचा एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला जाताना ही गाडी नानांना देऊन गेला, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. उन्हाळा होता, आई निजली होती. तिला एवढेच आठवत होते, की इंजिन तिच्या हातातून एखादा जिवंत प्राणी सुटावा तसे सुटले, वळणावर उडाले आणि फरशीवर आपटले. आणि तिची बोटे आंबट होती. कशाने, कोण जाणे. संध्याकाळी नानांनी ते इंजिन हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "आता हात लावायचा नाही," आणि सगळी गाडी पेटीत भरून माळ्यावर टाकली. जूनमध्ये तिला धुळ्याला मावशीकडे शाळेत घातले. शाळा चांगली होती, हे खरे. पण नऊ वर्षांच्या मुलीने या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या, आणि पुढे कधी सोडल्या नाहीत. इंजिनाची चिमणी अजून जराशी डावीकडे वाकलेली होती.

"कुठून सुरू करायचं?" तिने विचारले.

पुनाने पिशवीतून दिवा काढला. स्कूटरचा लहानसा बल्ब, त्याला दोन वायरी, दोन्हींच्या टोकाला टोकदार खिळे. त्याने तो तिच्या हातात दिला. "मधल्या रुळातून वीज जाते, बाजूच्या दोन रुळांतून परत येते. इंजिनाच्या पोटाखाली पट्टी आहे, ती मधल्या रुळावर घासत जाते. एक खिळा मध्ये टेकवा, एक बाजूला. वीज असेल तर दिवा लागेल."

तिने टेकवले. दिवा लागला नाही. हातभर पुढे जाऊन टेकवले. नाही. वळणावर, खिडकीजवळ, कुठेच नाही.

"तुम्ही वीज नाही तिथे शोधताय," तो म्हणाला. "नाना म्हणायचे, जिथे आहे तिथून निघायचं."

नाना म्हणायचे. तिने दिवा ट्रान्सफॉर्मरच्या दोन स्क्रूंना लावला. तो इतका लख्ख पेटला, की तिने हात मागे घेतला. पुनाची नजर वर चढवलेल्या मुठीवर गेली. त्याने मुठीला हात लावला नाही.

"म्हणजे इथे आहे आणि रुळात नाही," ती म्हणाली.

"मग मध्ये कुठे?"

स्क्रूपासून दोन वायरी निघून दाराला पाडलेल्या भोकातून खाली गेल्या होत्या. कुमुद वाकली. दाराखाली अंधार होता आणि कोळ्याची जाळी. ती साडीचा पदर खोचत होती, तेवढ्यात पुना पाठीवर झोपून आत सरकलासुद्धा. त्याला थांबवावे असे तिला वाटले. आतून त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तोही ऐकू येईना.

"आठे शे," तो आतून म्हणाला. अगदी हळू.

"तिथे काय आहे?"

"टेप नवी आहे. नाना डावखुऱ्यासारखी उलटी गुंडाळायचे." तो काही करत नव्हता. नुसता पडून होता. "सोडू का?"

 नाना टेप कशी गुंडाळतात हे जगात कुणाला माहीत असेल, तर ते दाराखाली पडलेल्या या माणसाला.  कुमुद खिडकीकडे पाहत राहिली.

"सोडा," ती शेवटी म्हणाली.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत जाळे अडकले होते. तळहातावर टेपचा तुकडा आणि बारीक गुंडाळलेला कागद. दोन वायरींचा पीळ सोडून नानांनी मध्ये तो घातला होता, आणि वरून टेप लावली होती. पुनाने कागद नखाने उलगडला. एसटीचे तिकीट होते, कंडक्टरने भोके पाडलेले.

"धुळ्याचंच असणार," तो म्हणाला. "दुसरीकडे ते एसटीने जातच नव्हते. रेल्वेचा पास होता ना."

जुलैत नाना आले होते. कॉलेजच्या पायरीवर बसून तिच्याबरोबर चहा प्यायले, केळी आणली होती ती दिली, आणि चारच्या एसटीने परत गेले. जाताना म्हणाले, येत जा कधी रविवारची. ती म्हणाली होती, बघते. त्या दिवसाचे तिकीट त्यांनी जपून ठेवले, आणि या माणसाच्या कोड्यासाठी वापरले. तिने ते त्याच्या तळहातावरून उचलून कंबरेला खोचले.

पुनाने परत आत सरकून वायरी पिळल्या आणि बाहेर येऊन तो रुळांना दिवा लावत गेला. इथे लागला, तिथे लागला, वळणावर लागला. त्याचा चेहरा उजळला.

"झालं. अकरा मिनिटं."

पण इंजिन हलले नाही.

त्याने पुन्हा सगळीकडे दिवा लावला. सगळीकडे लागला. इंजिन उलटे करून खालची पट्टी पाहिली, मोटारीला वीज पोचवणारे कार्बन पाहिले, चाके बोटाने फिरवली. त्याच्या कपाळावर घाम आला. "एकाच वेळी दोन दोष नाना कधी घालत नव्हते," तो म्हणाला. "म्हणायचे, ती लबाडी आहे." थोड्या वेळाने तो स्वतःशीच पुटपुटला, "बठ्ठं देखं. बठ्ठं बरोबर शे." सगळे पाहून झाले होते, सगळे बरोबर होते. तो गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बसला.

कुमुदला बरे वाटले. लपवता येण्यासारखे नव्हते. तिला फार बरे वाटले. नानांचा पुना अडला होता.

तिने दारावर हात टेकून गाडीकडे पाहिले आणि काही सुचत नव्हते म्हणून मधल्या रुळावरून बोट फिरवले. बोट काळे झाले. तिने ते नाकाशी नेले. न घासलेल्या, अडीच महिने पडून राहिलेल्या तांब्या-पितळेचा वास.

"तुमचा खिळा टोकदार आहे," ती म्हणाली.

"हां."

"तो या काळ्यातून आत जातो. इंजिनाची पट्टी सपाट आहे."

पुनाने तिच्या बोटाकडे पाहिले. मग रुळांकडे. "पण रूळ तर नेहमी लख्ख असायचे," तो म्हणाला. "मी कधीच पुसले नाहीत. नाना शनिवारी पुसून ठेवायचे." तो थांबला. "हा दोष त्यांनी मला कधीच घातला नाही."

ती तोवर स्वयंपाकघरात गेली होती. आईच्या वेळची बरणी अजून फळीवर होती, मिठात दाबलेली जुनी चिंच आत दगडासारखी झालेली. तिने एक गोळा वाटीत भिजवला, फडके घेतले आणि बाहेर आली. वाकून एकेक रूळ घासू लागली, लहानपणी तांबे-पेले घासायची तशी. काळ्याखालून पिवळे निघत गेले. मग ओले फडके, मग कोरडे. बोटांना आंबट वास येत होता. घासता घासता तिचा हात मध्येच थांबला.  मग पुन्हा चालू लागला.

 पुना उठून दाराच्या पलीकडच्या टोकाला, वळणाशी जाऊन उभा राहिला होता.

इंजिनाखालचा तुकडा तेवढा राहिला. तिने इंजिन उचलले, तिथे घासले, पुसले आणि ते घासलेल्या रुळावर ठेवले.

ते तिच्या हातातून सुटले. काय होतेय हे कळायच्या आत ते सरळ रूळ ओलांडून वळणाला भिडले, एका बाजूची चाके उचलली गेली आणि ते दारावरून बाहेर पडले. पुनाच्या ओंजळीत. त्याचे दोन्ही हात तिथे आधीपासूनच पसरलेले होते. ओंजळीत इंजिनाची चाके फिरून फिरून थांबली.

कुमुदने धावत जाऊन मूठ खाली केली. ती सकाळपासून पूर्ण वर होती.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारले. तिला धाप लागली होती.

"वहीत शे," पुना म्हणाला.

आता तिने वही उघडली. पहिले पान. शाई फिकी तपकिरी झाली होती, पण अक्षर तेच, ताठ.

*९ मे १९६५. गाडी दीड महिना बंद. ट्रान्सफॉर्मर, कार्बन, वायरी तपासल्या, ठीक. दोष: रुळांवर मळ. शोधला कोणी: कुमुद. चिंचेने. एक दुपार.*

त्याखाली, त्याच तारखेला:

*इंजिन पडले. दोष: मूठ पूर्ण वर राहिली होती. पोरीच्या हाताला लागले असते. चूक: देवचंद.*

त्यानंतर अर्धे पान कोरे होते, आणि पुढची तारीख थेट शहाऐंशी सालची.

ती उभ्या उभ्या वाचत होती. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर पेटीच्या कडेवर बसली. हे सत्तावीस वर्षे तांदळाच्या डब्यामागे होते. या माणसाला सहा वर्षे ठाऊक होते. तिला चार ओळी यायच्या, पाऊस बरा झाला म्हणून.

"चहा ठेवू?" पुनाने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता आत गेला. काडेपेटी कुठे असते हे त्याने विचारले नाही.

चहा पिताना दोघांनी गाडी फिरू दिली. मूठ निम्म्यावर होती. वाकडी चिमणी समोरून जायची, वळायची, पुन्हा यायची. खिडकीशी नानांची खुर्ची होती. तिच्यावर दोघांपैकी कुणी बसले नव्हते.

कुमुदने पेन काढून शेवटच्या पानावर तेवीस ऑगस्टसमोर लिहिले: एसटीचे तिकीट. पुना. अकरा मिनिटे. मग कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पुनाभाऊ, गाडी तुम्ही न्या."

हे म्हणायला तिला जड गेले होते. तो नको नको म्हणेल आणि मग घेईल, असे तिने धरले होते.

"गाडी नको," पुना म्हणाला. "ती माझ्याकडे कोण चालवणार?" त्याने कपाच्या काठावरून अंगठा फिरवला. "वही द्याल का?"

तिचा हात नकळत वहीवर गेला.

"मोटार भरून दिली की लोक घेऊन जातात," तो म्हणाला. "चालली तर कुणी नाव काढत नाही, जळाली तर शिव्या घालायला येतात. माझं नाव कुठे लिहिलेलं असेल तर तेवढ्यातच आहे."

"माझंसुद्धा," कुमुद म्हणाली.

गाडीच्या तीन-चार फेऱ्या झाल्या. मग तिने त्याच्याकडे पक्कड मागितली. वही मधोमध उघडली, आणि गंजलेल्या पिनांची टोके सरळ केली. "पहिलं पान मी ठेवते. बाकी सगळं तुमचं."

तो हो म्हणाला.

तिने पिना ओढून काढल्या, पाने सुटी केली आणि सर्वांत बाहेरचे पान उचलले. ते एकटे आले नाही. मधोमध दुमडलेला लांब कागद होता तो. तिने तो मांडीवर उलगडला. डाव्या अर्ध्यावर पासष्ट सालचा मे महिना होता. उजव्या अर्ध्यावर वहीचे शेवटचे पान. तेवीस ऑगस्ट, तिचे आत्ताच वाळलेले अक्षर, आणि त्याच्या वर नानांच्या हातचे, एकाखाली एक, पुना, पुना, पुना.

तिने तो कागद त्याच्यापुढे धरला. पुनाने बराच वेळ पाहिला. त्याच्या खिशात टेस्टरशेजारी लहानशी कातरही होती. ती त्याने काढली नाही. तिनेही मागितली नाही.

तिने पाने पुन्हा एकात एक बसवली. पीन दाबताना मोडली.

"तार शे मनाकडे," पुना म्हणाला. त्याने पिशवीतून मोटारीच्या तांब्याच्या तारेचा तुकडा काढला, दोन्ही भोकांतून ओवला आणि मागे पीळ दिला. कुमुदने वही घेतली, आत जाऊन तांदळाच्या डब्यामागे ठेवली. बाहेर आल्यावर तिने खोक्यातले वर्तमानपत्रांचे बोळे काढले आणि खोके पायाने दाबून चपटे केले.

पुना चपला घालत होता.

"मला धुळ्याहून नऊपर्यंत पोचता येणार नाही," ती दारातून म्हणाली. "साडेदहा होतील."

"मग साडेदहाला," तो म्हणाला. सायकलचा स्टँड त्याने पायाने वर घेतला. "दोष कोण घालणार?"

"एका रविवारी तुम्ही, एका रविवारी मी. किल्ली मंजुळाबाईंकडे ठेवते."

त्याने मान हलवली आणि सायकल रस्त्याकडे वळवली.

"पुनाभाऊ," तिने पुन्हा हाक मारली. तो थांबला.

"रूळ मात्र तुम्ही पुसू नका."